तुमच्या दुकानात चालतंय

भोकरदनच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की उजव्या हाताला आमचं कापडाचं दुकान. मी सांगतेय ते त्या वर्षांतलं, जेव्हा दुकानाच्या एका अंगाला साड्यांचे गठ्ठे होते आणि दुसऱ्या अंगाला काचेच्या कपाटात की-बोर्ड, माऊस आणि केबलींची भेंडोळी. साडी घ्यायला आलेल्या बाया त्या कपाटाकडे बघून विचारायच्या, "भाभी, हे मधीच कशाचं दुकान टाकलं हो?"

ते माझं दुकान होतं. पाटीवर सासऱ्यांचं नाव, गल्ल्यावर सासरेच, पण कॉम्प्युटर जोडायची ती मी. माझं माहेर संभाजीनगरचं, तेव्हाचं औरंगाबाद. लग्नाआधी तिथं मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या डोक्यात आलं की आपल्या गावात कॉम्प्युटर विकणारं कुणी नाही आणि जोडणारी तर घरात आयतीच आली आहे. तो स्वतः कापडाच्या खरेदीसाठी सतत बाहेर असायचा. त्यामुळे दुकानात दिवसभर आम्ही दोघंच, सासरे आणि मी.

आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

भांडण नव्हतं. आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांशी बोलायची रीतच नव्हती. राजस्थानातून येऊन आमच्या घराण्याच्या किती पिढ्या इथं झाल्या ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. घरातली मारवाडी बोली अर्धी मराठी झाली होती. डोक्यावरचा पदर आणि सासऱ्यांपुढचं मौन मात्र तसंच टिकून होतं. दुकानात बसायची मुभा मिळाली तेव्हा ते मौनही माझ्यासोबत दुकानात आलं. मग आम्ही गिऱ्हाइकाच्या मार्फत बोलायचो. सासरे समोरच्या माणसाला म्हणायचे, "सुनेला विचारा, माल कधी येईल." मी त्याच माणसाला म्हणायची, "पापाजींना सांगा, परवा येईल." गिऱ्हाईक नसलं तर मी कपाटाकडे तोंड करून बोलायची, "जालन्याहून फोन आला होता." सासरे हवेत बघून "हां" म्हणायचे. गावाला याची सवय झाली होती आणि आम्हालाही.

त्या दिवसांत हसनाबादच्या एका बाईंनी आमच्याकडून कॉम्प्युटर नेला. शेतकऱ्याच्या घरातल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. लग्नाआधी टायपिंग शिकलेल्या. घराच्या पुढच्या खोलीत त्या लग्नपत्रिका करायच्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका टाईप करून द्यायच्या, लोकांचे अर्ज लिहायच्या. आसपासच्या गावांतून लोक त्यांच्याकडे यायचे. मी त्यांना ताई म्हणायची.

लग्नसराई ऐन भरात असताना एका दुपारी ताई दुकानात आल्या. जुन्या साडीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा लेकरासारखा कडेवर घेतलेला. एस.टी.त तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काउंटरवर ठेवून त्यांनी गाठ सोडली.

"भाभी, हे बंद पडून राह्यलंय. चांगलं चालतं, चालतं आन् एकदम काळं होऊन जातं. परवा नवरदेवाच्या मामाचं नाव टाकून राह्यले होते, सगळी पत्रिका गेली."

मी डबा उघडला, फुंकर मारून धूळ काढली, सगळे भाग काढून पुन्हा बसवले आणि पडद्याला जोडून चालू केलं. झकास चाललं. ताई अर्धा तास बसल्या, तरी चालूच होतं. सासरे गल्ल्यावरून म्हणाले, "बाई, चालतंय की."

ताई घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात परत आल्या. पुन्हा तोच प्रकार. माझा संशय मदरबोर्डवर होता, म्हणजे ज्या पाटीवर बाकीचे सगळे भाग बसतात तिच्यावर. ती वॉरंटीत होती. मी ताईंना म्हटलं, "पापाजींना सांगा, बोर्ड बदलून द्यावा लागेल."

सासरे ताईंना म्हणाले, "सुनेला सांगा, कंपनी असा बोर्ड वापस घेत न्हाई. खेड्यातली लाईट कमी-जास्त होते, त्याला कंपनी काय करणार? होल्टेजनं गेला असंल तर आपला खर्चा आपल्या माथी."

"पण शेटजी, गेला कुठं? तो तर चालतोय," ताई म्हणाल्या.

"मंग बदलायचा कशाला?"

चालणारी वस्तू बदलून मागायची कशी, आणि घरी न चालणारी ठेवून घ्यायची कशी, असा तो पेच होता. ताई डबा गुंडाळून गेल्या आणि जाता जाता त्यांनी जालन्याहून स्टॅबिलायझर मागवायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं. स्टॅबिलायझर आला, त्यांनी लावला आणि तरीही पडदा काळा व्हायचाच.

मग एक दिवस त्या सकाळच्याच गाडीनं आल्या. डबा काउंटरवर ठेवला, स्टूल ओढून घेतलं आणि सासऱ्यांसमोर बसल्या.

"शेटजी, मी आज इथंच बसून राहते. मशीन चालू करा. बंद पडलं की उठते."

"बसा की. दुकान तुमचंच आहे," सासरे म्हणाले. त्यांनी चहा मागवला. ते स्वतः बाहेरचं काही घ्यायचे नाहीत, पण गिऱ्हाइकाचा चहा कधी चुकला नाही.

मशीन चालू झालं. कूलरचा थंड वारा कपाटावरून थेट त्या डब्यावर येत होता. मी ते बघत होते आणि माझ्या मनात काहीतरी हलत होतं, पण अजून नीट जुळत नव्हतं. साड्यांचं गिऱ्हाईक आलं, गेलं. ताई मध्येच साड्यांच्या किमती सांगायला मदत करू लागल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत मशीन चालूच. आणि एकदम बंद पडलं.

ताई स्टुलावरून उठल्याच. "बघा! बघा!"

सासऱ्यांनी वर बोट दाखवलं. पंखा थांबला होता, कूलरही थांबला होता. भारनियमन सुरू झालं होतं.

"लाईट गेली, बाई," ते म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

मला त्यांचा राग आला. त्या काळात मला सासऱ्यांचा राग यायचा आणि तो कुठं ठेवायचा ते कळायचं नाही. मी पदर नीट केला आणि ताईंना म्हटलं, "ताई, पापाजींना म्हणा, एकदा तुमच्या घरी येऊन बघितलं पाहिजे. इथं तपासून काही कळणार नाही."

सासरे म्हणाले, "बाई, सुनेला म्हणा, मंग दुकान कोण बघील?"

"पापाजींना म्हणा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नसतं."

"सुनेला म्हणा, असं घरोघर जाऊ लागलो तर जल्दीच दुकान बंद करावं लागंल."

ताईंची मान एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले.

"थांबा! तुम्ही दोघं एका छताखाली राहता, एका दुकानात बसता, आन् मला मधी वकील म्हणून आणून बसवलंय का? भांडण माझं आहे. मला भांडू द्या की!"

मी खाली बघितलं. सासरेही कापडाच्या गठ्ठ्याकडे बघायला लागले. ताई त्यांच्याकडे वळल्या.

"शेटजी, मी जालन्याला ग्राहक मंचात जाऊ शकते. माहीत आहे मला, अर्ज मीच लिहिते लोकांचे. पर मला तुमच्यावर अर्ज लिहायचा न्हाई. माझ्या सासूनं तुमच्याकडून लुगडं नेल्तं. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला. ती घेऊन आल्ती, तर तुम्ही एक शब्द न्हाई बोललात. दुसरं काढून दिलंत. आमच्या घरात अजून सांगतात. मंग ह्याचंच काय झालं?"

सासऱ्यांनी गठ्ठ्यावरच्या साडीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, लुगडं माझ्या हाताला कळतं. हात फिरवला की सांगतो, धुणारीची चूक की रंगाऱ्याची. हे मला कळत न्हाई. ह्याच्यात मला कुणीबी उल्लू बनवील. कंपनीवाला बनवतो, जालन्याचा व्यापारी बनवतो. मंग मी सगळ्यालाच न्हाई म्हणून टाकतो."

मला इतकी वर्षं वाटायचं, सासरे हट्टी आहेत. ते घाबरतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्या अर्ध्या दुकानाला ते घाबरत होते.

ताईंचाही आवाज उतरला. "मंग हात लावायला माझ्या घरी या," त्या म्हणाल्या.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही हसनाबादला गेलो. शेजारचे दुकानदार आमच्या दुकानावर लक्ष ठेवणार होते. एस.टी.त सासरे पुढं पुरुषांच्या बाजूला बसले, मी मागं. उन्हाळ्यानं शेतं उघडी पडली होती. कुठं कुठं नांगरट झालेली, ढेकळं वर आलेली. कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर. लग्नानंतर मी माहेरच्या वाटेशिवाय कुठं गेलेच नव्हते, त्यामुळे मला ती साधी एस.टी.सुद्धा सहलीसारखी वाटत होती. सासरे मात्र सगळ्या वाटेवर सरळ समोर बघत होते, कोर्टात निघालेल्या माणसासारखे.

ताईंचं घर रस्त्याला लागूनच. पुढची खोली पत्र्याची. आत दोरीला चिमटे लावून पत्रिकांचे नमुने टांगलेले, लाल, पिवळे, सोनेरी. कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं झाकण. ताईंचे मालक आले, "राम राम शेटजी" म्हणून सासऱ्यांना पाणी दिलं आणि शेताकडे निघून गेले. ते पाणी ताईंनी आमच्यासमोर पांढऱ्या फडक्यातून गाळून दिलं होतं. सासऱ्यांनी ते पाहिलं. आम्हा जैनांत पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, हे ताईंना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. दुकानात कितीदा तरी बसल्या होत्या, बघितलं असेल.

मशीन चालू झालं. सासरे खुर्चीत ताठ बसले. मी दाराशी सतरंजीवर. ताई स्वयंपाकघरात जाऊन येऊन करत होत्या. मशीन चाललं. मध्ये लाईट गेली तर ताईंच्या घरात इन्व्हर्टर होता, ते चालतच राहिलं. पत्रा तापला, खोलीत भट्टीसारखं झालं. सासऱ्यांनी टोपी काढून तिनं वारा घेतला.

जेवायला गवारीची भाजी, मुगाचं वरण, पोळ्या आणि शेवयांची खीर. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. सासरे कुणाकडे सहसा जेवायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी दोनदा वरण मागून घेतलं. हात धुऊन बाहेर आले तर मशीन चालूच होतं.

"बाई, जेवण फार बराबर झालं," ते म्हणाले. "पर मशीन चालतंय की."

"बसा, शेटजी. उन्हात कुठं जाता? माझं एक काम राह्यलंय, तेवढं करून घेते," ताई म्हणाल्या आणि मशीनपुढं बसल्या.

एका घरच्या दोन भावांचं लग्न एकाच मांडवात होतं, त्याची ती पत्रिका. ताई टाईप करू लागल्या. सासरे आधी नुसतं बघत होते. मग खुर्ची थोडी पुढं सरकली. मग अजून थोडी.

"बाई, हा काठ नका लावू," ते म्हणाले.

"काठ?"

"ही वेल. फार बारीक आहे, दुरून दिसायची न्हाई. मोराचा काठ आहे का? हां, हा. ह्याला सोनेरी करा. मंग आतलं अंग मोकळं ठेवा. काठ भारी असला की अंग साधं पाहिजे."

ताईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी पदराआड हसले. माझ्या सासऱ्यांनी पत्रिकेची साडी केली होती.

मग ते मजकुरावर आले. त्यांच्याकडे उभ्या तालुक्यातून पत्रिका यायच्या. कापड दुकानदाराला सगळेच बोलावतात. एवढ्या पत्रिका वाचलेला माणूस भोकरदनात दुसरा नसेल. आजोबांचं नाव वर घ्यायला लावलं. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" ही लेकरांची ओळ काढायला लावली. निमंत्रणाच्या ओळी तर त्यांना एकही पटेना. शेवटी डोळे मिटून त्यांनी स्वतःच सांगितल्या.

"लिहा. आमच्या अंगणात मांडव घालतो आहोत. तो बांबूनं उभा राहील, पण भरेल तो तुमच्या येण्यानं. लेकरांना आशीर्वाद द्या, आमच्या पंगतीला बसा, आणि निघायची घाई करू नका."

ताई लिहीत होत्या. वाचून दाखवलं. सासऱ्यांनी एक शब्द बदलला, परत वाचायला लावलं, परत एक बदलला. मी त्यांना इतकं रंगलेलं कधी पाहिलं नव्हतं. टोपी मांडीवर, कपाळावर घामाचे थेंब, पण लक्ष सगळं त्या पडद्यावर. "आता खाली, स्वागतोत्सुक म्हणून सगळ्या भावकीची नावं..." असं ते बोलत होते आणि पडदा काळा झाला.

पंखा फिरत होता. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा जळत होता.

सासरे वळले आणि सरळ माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बींदणी, गयो कांई?"

सूनबाई, गेलं की काय? लग्नानंतर त्यांनी मला उद्देशून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. उत्तर द्यायचं की ताईंना सांगायचं, हे ठरवायलाही मला वेळ मिळाला नाही.

"गयो, पापाजी," मी म्हटलं. "सेव्ह केलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे जपून ठेवलं नव्हतं. आता ते कुठंच नाही."

"मी सांगितलेलं सगळं?"

"सगळं."

सासऱ्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या हातातला घास काढून घेतला आहे. मग त्यांना राग आला. खराखुरा, गिऱ्हाइकाचा राग. "हे काय आहे? माणसानं एवढं बसून करायचं आन् ह्यानं गिळून टाकायचं?" ते उठले आणि त्यांनी डब्यावर हात ठेवला. लगेच उचलला. "तवा झालाय हा. बींदणी, हात लाव."

मी उठून हात लावला आणि आतापर्यंत मनात नुसतंच हलत होतं ते जुळलं. "पापाजी, बोर्ड तापला की त्याचा एखादा जोड सुटतो. दुकानात कूलर आहे, तिथं तो तापतच नाही. पण चांगला बोर्ड एवढ्या उन्हानं बंद पडत नाही. ह्याच्यातच दोष आहे."

"लाईटचा न्हाई?"

"लाईटचा नाही."

सासऱ्यांनी डबा गार होऊ दिला आणि पुन्हा चालू करायला लावला. आपल्या डोळ्यांनी आणखी एकदा बघायचं होतं त्यांना. या वेळी तो लवकर बंद पडला. त्यांनी टोपी घातली आणि ताईंना म्हणाले, "बाई, उद्या सुनेला घेऊन येतो. दुसरा बोर्ड टाकून देतो. कंपनी घेवो न घेवो." माफी वगैरे काही मागितली नाही. ताईंनीही त्याची वाट बघितली नाही. त्या म्हणाल्या, "उद्या वांग्याचं भरीत करते," आणि मग जीभ चावली, कारण भरीत लसणीशिवाय कसलं!

परत येताना एस.टी. रिकामी होती. सासरे माझ्या पलीकडच्या बाकावर येऊन बसले.

"तुला आधीच माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पुरतं नव्हतं. कूलरचं मनात येत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

मी काय सांगणार? म्हटलं, "बोलायचं नसतं ना."

ते हसले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. भोकरदन जवळ आल्यावर म्हणाले, "दुकानात बोलत जा. घरात आहे ते राहू दे, नाहीतर तुझ्या सासूला वाटेल मी सून बिघडवली." तसंच झालं. त्यानंतर दुकानात आम्ही दिवसभर बोलायचो, मालाचं, गिऱ्हाइकांचं, त्यांच्या लहानपणीच्या भोकरदनचं. संध्याकाळी घराच्या उंबऱ्याशी आलो की दोघंही गप्प.

ताईंना नवा बोर्ड बसवला. तो नीट चालला. जुना घेऊन आम्ही दोघं जालन्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेलो. तरुण मुलगा होता तो, आमच्याच समाजातला, थंडगार ए.सी.च्या दुकानात बसलेला. त्यानं बोर्ड जोडला, चालू केला आणि म्हणाला, "काका, चालतोय की."

मला हसू आवरेना. सासऱ्यांना मात्र हसू आलं नाही. ते म्हणाले, "तुमच्या दुकानात चालतंय, बेटा. गिऱ्हाइकाच्या घरी चालत न्हाई. ए.सी. बंद कर आन् दोन-तीन घंटे बस माझ्यासोबत." तो म्हणाला, एवढा वेळ कुणाला आहे? सासरे म्हणाले, "मला आहे." आणि तिथल्या खुर्चीत बसले. व्यापाऱ्यानं ए.सी. काही बंद केला नाही. दुपारनंतर आम्ही उठलो. बोर्ड पिशवीत तसाच. बसस्टँडकडे चालताना सासरे म्हणाले, "बाईला कसं वाटत असंल ते आज बराबर कळलं."

त्यांनी सोडलं मात्र नाही. कंपनीच्या नंबरावर माझ्याकडून फोन लावून घ्यायचे आणि शेजारी बसून "हे पण सांग, ते पण सांग" करायचे. खूप महिन्यांनी कंपनीचं खोकं आलं. आत नवा बोर्ड होता, पण दुसऱ्याच जातीचा. आमच्याकडचा एकही भाग त्यावर बसेना. सासऱ्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "चला, जिंकलो," आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

ताईंची आणि आमची ओळख मात्र त्या उन्हाळ्यानंतर घरोब्याची झाली. मशीन बंद पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बोर्ड बसवून झाल्यावर ती दोन भावांची पत्रिका सासऱ्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितली, आणि प्रत्येक ओळीला ताईंना "जपून ठेवा" म्हणत राहिले. पुढं ताई दुकानात फोन करायच्या: "भाभी, शेटजींना विचारा, नवरीला वडील न्हाईत, मामा लग्न लावून देतात, तर कसं लिहायचं?" सासरे हातातलं माप खाली ठेवून विचार करायचे. कधी लगेच सांगायचे, कधी म्हणायचे, उद्या सांगतो. त्यांच्या ओळींच्या पत्रिका मग आमच्याच दुकानात निमंत्रण म्हणून येऊन पडायच्या. ते चष्मा लावून मोठ्यानं वाचायचे आणि देणाऱ्याला म्हणायचे, "वा! कुणी लिहिलं हो?" मी कपाटाकडे तोंड करून हसू दाबायची.

ते दिवस तसे फार टिकले नाहीत. लोकांच्या हातात मोबाईल आले, कॉम्प्युटर नेणारे कमी झाले. माझ्या बाजूला पुन्हा साड्या आल्या आणि मी साड्याच विकायला शिकले. हात फिरवून कापड ओळखायला सासऱ्यांनीच शिकवलं. सासूबाई गेल्यावर घरातलं मौनही आपोआप सुटलं. कुणी ठरवलं नाही, पण सासऱ्यांना औषधाच्या वेळा विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं. शेवटच्या आजारपणात ते माझ्याशी फक्त मारवाडीत बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही. ते जाऊनही आता काही वर्षं झाली.

मागच्या थंडीत ताईंनी हुरड्याला बोलावलं. मी एकटीच गेले. नवऱ्याला दुकान सोडता येत नव्हतं. शेताच्या कडेला आगटी पेटवली होती. ताईंचे मालक कणसं भाजून देत होते आणि ताई हातावर चोळून गरम दाणे माझ्यापुढं टाकत होत्या. आता त्या पत्रिका मोबाईलवरच करतात, नातीला घेऊन. दोघींचेही गुडघे दुखतात, त्यावर बरंच बोलणं झालं. नवीन रस्त्यात कुणाची किती जमीन गेली, माझ्या मुलीला पुण्यात करमतं का, त्यांच्या म्हशीनं या वर्षी कसं छळलं, असं सगळं. दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही, म्हणून उन्हं उतरायच्या आत त्यांनी मला आठवणीनं जेवायला वाढलं.

निघताना फडक्यात बांधून हुरडा दिला आणि बसपर्यंत सोडायला आल्या. गाडीला उशीर होता. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. वारा गार सुटला होता. ताईंनी आपल्या शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं आणि मालकांची नक्कल करून दाखवायला लागल्या. मी इतकी हसले, की गाडी समोर येऊन उभी राहिली तरी कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली.